चार जागा, पाच बिऱ्हाडं

मे महिन्यात एक प्रेसवाले काका टेम्पोतून माझ्याकडे एक पेटी घेऊन आले. घरोघरी आपण जिला 'सीपीयू' म्हणतो ती. दुकानदारांच्या भाषेत कॅबिनेट. २००२ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं ते पेंटियम-४ मशीन होतं. सोबतच्या कापडी पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन हार्ड डिस्क आणि एक सीडी रायटर. काकांनी तालुक्याच्या गावी अनेक वर्षं प्रेस चालवली आणि त्याच प्रेसमधून एक दिवाळी अंकही काढला. छापील अंकांचा एकुलता एक गठ्ठा वाळवीनं खाल्ला. आता त्या अंकांची पानं कुठे असतील तर याच पेटीत आणि याच पिशवीत.

"पेटी पुन्हा कामाला लागली नाही तरी चालेल, पण अंक तेवढे निघाले पाहिजेत," काका म्हणाले.

पहिल्यांदा मनात येतो तो सोपा उपाय. डिस्क बाहेर काढायच्या, यूएसबीच्या जोडणीनं नव्या लॅपटॉपला लावायच्या आणि फाइली उतरवून घ्यायच्या. फाइली तशा येतीलही. पण ही पानं पेजमेकरमध्ये लावलेली. अक्षरं युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांतली, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फाँट नसेल तर पानभर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी दिसते. शिवाय काकांच्या मराठी सॉफ्टवेअरला एक डोंगल लागायचं. प्रिंटरच्या जाड पोर्टमध्ये ते खोचलं नाही, तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. थोडक्यात, जुनी पानं जुन्याच घरात उघडणार होती. म्हणून आधी ते घर नीट लावणं भाग होतं.

घर लावायचं म्हणजे काय, ते मोजल्यावर कळलं. पेटीत ४० जीबीची डिस्क आणि एक सीडी-रॉम. पिशवीत ८० जीबीची एक डिस्क, त्याआधीच्या मशीनमधली १० जीबीची दुसरी, आणि रायटर. एकूण पाच ड्राइव्ह. मदरबोर्डवर आयडीईची तोंडं दोन, प्रत्येकावर जास्तीत जास्त दोन ड्राइव्ह. जागा चारच.

जुनी पेटी उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आणि दुकानांत अर्थिंग धड नसतं. अशा ठिकाणी चालू कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, हे ज्यानं अनुभवलंय तो विसरत नाही. प्लग काढल्यावर उघड्या पत्र्याला एकदा हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते, आणि मग आत हात घालायचा. धूळ मऊ ब्रशनं झाडायची. प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर फुगलेले आहेत का, त्यांच्या डोक्यावर तपकिरी ओघळ आहेत का, ते पाहायचं. त्या काळातल्या कितीतरी बोर्डांचे कपॅसिटर याच रीतीनं गेले. काकांच्या बोर्डाचे शाबूत होते. नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी मात्र मेलेली होती. ती मेली की बोर्ड तारीख विसरतो आणि कोणत्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं हा क्रमही विसरतो. माणसाला वाटतं डिस्कच बिघडली. नवी बॅटरी घालायला दोन मिनिटं पुरतात.

स्क्रूंकडेही नीट लक्ष द्यावं लागतं. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे. डब्यात दोन्ही एकत्र पडले आणि घाईत जाड स्क्रू सीडी ड्राइव्हच्या भोकात पिळला, की आटे गेलेच. मी दोन वाट्या घेऊन बसतो.

आता मूळ गोष्ट, आयडीईची. वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी १९८६च्या सुमारास ही रीत आणली. त्याआधी डिस्क चालवणारं सर्किट वेगळ्या कार्डावर असायचं. आयडीईमध्ये ते डिस्कच्याच पोटाखाली बसवलं गेलं. म्हणजे प्रत्येक ड्राइव्हचा मेंदू त्याच्याजवळच असतो. तरीही एका केबलवरच्या दोघांना नावं पडली मास्टर आणि स्लेव्ह. ती दिशाभूल करतात. मास्टर स्लेव्हवर हुकूम चालवत नाही, त्याचं काम करून देत नाही, त्याच्यापेक्षा वेगवानही नसतो. सुरू होताना स्लेव्ह एका ठरलेल्या तारेवरून मास्टरला आपण ठीक असल्याचं कळवतो, एवढाच दोघांचा संवाद. प्रमाणपुस्तिकेत त्यांना सरळ 'डिव्हाइस ०' आणि 'डिव्हाइस १' म्हटलंय. २००३मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीनं आपल्या पुरवठादारांना यंत्रांवरचे मास्टर-स्लेव्ह हे शब्द काढायला सांगितलं होतं. माझ्या मते ते माणुसकीच्या दृष्टीनं योग्य होतं आणि तांत्रिक दृष्टीनंही. ते शब्द खोटंच सांगत होते.

मला विचाराल तर त्या केबलवरचे दोघे म्हणजे चाळीतली शेजारची दोन बिऱ्हाडं, आणि नळ सामाईक. एकाची बादली भरत असताना दुसऱ्यानं थांबायचं. दोन हंडे एकाच धारेखाली लागत नाहीत. समोरच्या चाळीतला नळ, म्हणजे दुसरी केबल, स्वतंत्र असतो. तिथे त्याच वेळी पाणी भरता येतं. एवढं ध्यानात घेतलं की जुन्या पेटीतल्या मांडणीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. ज्या दोघांमध्ये माल इकडून तिकडे न्यायचा आहे, ते वेगवेगळ्या केबलवर हवेत. जो अडून बसण्याची शक्यता आहे, त्याच्या शेजारी महत्त्वाचं बिऱ्हाड नको.

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा. 'सीडी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या केबलवर लावला तर डिस्कही सीडीच्या वेगानं चालते' असं त्या काळी शपथेवर सांगितलं जाई. अगदी सुरुवातीच्या बोर्डांबाबत त्यात तथ्य होतं. पण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चिपसेट प्रत्येक ड्राइव्हशी त्याच्या-त्याच्या वेगानं बोलतात. ५२ एक्सचा सीडी ड्राइव्ह फार तर सेकंदाला ७.८ एमबी देतो, आणि तेवढ्यानं शेजाऱ्याचं फारसं अडत नाही. अडतं ते सीडीवर ओरखडा असला की. मग ड्राइव्ह तोच भाग पुन्हा पुन्हा वाचत बसतो, नळ अडवून ठेवतो आणि शेजारची डिस्क तिष्ठत राहते. मशीन 'हँग' झालं असं आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा एवढंच झालेलं असतं.

केबलही बघून घ्यावी लागते. जुन्या पट्टी केबलीत ४० तारा असतात. सेकंदाला ३३ एमबीच्या पुढचा वेग हवा असेल तर ८० तारांची पट्टी लागते. तिचंही तोंड ४० पिनांचंच असतं. वाढलेल्या ४० तारा नुसत्या ग्राउंडच्या, दर दोन तारांमध्ये एक, शेजाऱ्याचा गोंगाट अडवण्यासाठी. बोट फिरवलं तरी फरक कळतो: ८० तारांच्या पट्टीची रेघ बारीक आणि गुळगुळीत लागते. तिची तोंडं रंगानं ओळखायची. निळं बोर्डाकडे, काळं टोकाला मास्टरकडे, करडं मध्ये स्लेव्हकडे. ड्राइव्हच्या मागची जंपर नावाची टोपी 'केबल सिलेक्ट'वर ठेवली तर कोण मास्टर हे केबलच ठरवते, आणि ते फक्त एका तारेच्या जोरावर. २८ नंबरची पिन काळ्या तोंडाशी जोडलेली असते, करड्या तोंडाशी तुटलेली. ज्याला ती तार ग्राउंडला लागलेली सापडते, तो स्वतःला मास्टर समजतो. ड्राइव्ह एकच असेल तर तो टोकालाच लावायचा. टोक मोकळं लोंबत राहिलं तर सिग्नल तिथे आपटून मागे फिरतात आणि चुका होतात.

पट्टीच्या कडेची लाल तार म्हणजे १ नंबरची पिन. बहुतेक ड्राइव्हांत ती वीज येणाऱ्या तोंडाच्या बाजूला येते. २० नंबरची पिन मुळातच नसते, केबल उलटी बसू नये म्हणून. तरी जोर लावून कुणी बसवतोच. काकांच्या ४० जीबी डिस्कची एक पिन अशीच वाकलेली होती. रिकाम्या बॉलपेनच्या रिफिलीचं टोक पिनेवर चढवून ती हळूहळू उभी केली. चिमट्यानं हे करू नये. पिन एकदा वाकते, दुसऱ्यांदा तुटते. आणि केबल काढताना पट्टीला धरून ओढायचं नाही, प्लास्टिकच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी धरून सरळ उपसायचं.

जंपरची टोपी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी. ती कुठे बसवायची त्याचं चित्र डिस्कवरच्या चिकटपट्टीवर असतं, आणि प्रत्येक कंपनीचं चित्र निराळं. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कांत तर 'एकटा' आणि 'मास्टर, सोबत स्लेव्ह आहे' या दोन वेगळ्या जागा होत्या. डिस्क एकटी असताना दुसऱ्या जागेवर टोपी राहिली, तर ती न आलेल्या शेजाऱ्याची वाट बघते आणि बोर्डाला सापडत नाही. कितीतरी धडधाकट डिस्क एवढ्यावरून 'मेल्या' म्हणून फेकल्या गेल्या. जंपर हलवण्याआधी मोबाइलनं एक फोटो काढून ठेवावा.

काकांच्या कामात सगळ्यात जिवावरचं होतं ते १० जीबीच्या डिस्कचं. पहिले अंक तिच्यातच होते आणि फिरायला लागली की ती अधूनमधून टक्-टक् करायची. अशी डिस्क किती तास साथ देईल ते सांगता येत नाही, म्हणून पहिली मांडणी फक्त तिच्यासाठी केली. दुसऱ्या केबलच्या टोकाला ती एकटी, मास्टर म्हणून. तिच्या शेजारी कुणीच नाही, कारण आजारी डिस्क अडली की शेजाऱ्यालाही घेऊन अडते. पहिल्या केबलच्या टोकाला ८० जीबीची रिकामी डिस्क, मध्ये रायटर. ४० जीबीची डिस्क तर पूर्ण बाहेर ठेवली, तिला वीजही दिली नाही. जिच्यात अमोल माल आहे आणि जिचं आत्ता काम नाही, तिला पेटीत ठेवून धोका कशाला पत्करायचा? चार जागांपैकी तीनच भरल्या.

आजारी डिस्कवरून विंडोज सुरू करायचंच नाही. विंडोज सुरू होता-होताच डिस्कवर लिहायला लागतं. रायटरमध्ये लिनक्सची लाइव्ह सीडी घालून मशीन सुरू केलं. सीडीवरून संगणक सुरू करण्याची ही सोय १९९०च्या दशकाच्या मध्यात फीनिक्स आणि आयबीएमनं आणली. तिचं नाव 'एल टोरिटो', कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहावरून पडलं असं सांगतात. मग डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम लावला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, कठीण जागा नोंदवून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे वळतो. माणूस फाइली एकेक कॉपी करायला बसतो तेव्हा नेमकं उलट होतं. पहिल्याच खराब जागेशी डिस्क झुंजत राहते आणि चांगला भाग उचलायच्या आत मरते. ८० जीबीची डिस्क फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेली नव्हती ना, तेवढं आधी पाहिलं. त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि १० जीबीच्या डिस्कची एकाच फाइलीत उतरणारी प्रतिमा अर्ध्यावरच अडली असती.

रात्रभर मशीन चालू होतं. सकाळी पाहिलं तर मोजके सेक्टर सोडून सगळं आलं होतं. एक सेक्टर ५१२ बाइटचा. मी काकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आहे का बघा."

१० जीबीची डिस्क टॉवेलात परत गेली आणि दुसरी मांडणी सुरू झाली. आता ४० जीबीची डिस्क पहिल्या केबलवर मास्टर, एकटी. त्यात विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि फाँट. दुसऱ्या केबलवर ८० जीबी मास्टर आणि रायटर स्लेव्ह. दोन डिस्क वेगवेगळ्या नळांवर. त्यामुळे एकीतून वाचताना दुसरीत लिहिता येतं. ओरखड्यांच्या सीडी वाचताना रायटर अडला तरी विंडोजची डिस्क मोकळी राहते. जुना सीडी-रॉम बाहेरच ठेवला. तो टाकला मात्र नाही. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसऱ्याला वाचता येते, हा अनुभव मला अनेकदा आलाय.

अडचण आली ती लांबीची. आयडीईची पट्टी नियमानं १८ इंचांच्या आत हवी आणि तिच्या मधल्या व टोकाच्या तोंडात जेमतेम सहा इंचांचं अंतर. सीडी ड्राइव्हची जागा कॅबिनेटच्या माथ्याशी, हार्ड डिस्कची खाली तळाशी. लांब केबल बाजारात मिळायची, पण ती चुकांना आमंत्रण देते. म्हणून ८० जीबीची डिस्क खालून काढली आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या लावून सीडी ड्राइव्हच्या खालच्या रुंद खणात बसवली. केबल पोचली, आणि दोन डिस्कांमध्ये हवा खेळायला जागाही झाली. डिस्क एकमेकींना चिकटवून बसवू नयेत. गूगलनं २००७मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. उष्णतेनं डिस्क मरतात हा समज त्यात बराचसा सैल झाला, पण वय झालेल्या डिस्कांना जास्त उष्णता बाधते, असंही त्यात दिसलं. आपल्याकडे आता उरलेल्या सगळ्याच आयडीई डिस्क वय झालेल्या आहेत.

मशीन सुरू झालं, पण गोगलगायीसारखं. "म्हातारं झालंय ते," काका म्हणाले. मी हे वाक्य अनेकांकडून ऐकलंय आणि या वाक्यापायी उत्तम मशीनं भंगारात गेलेली पाहिली आहेत. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. डिस्ककडून माहिती घेण्याच्या दोन रीती आहेत. डीएमए म्हणजे डिस्क स्वतःच माल थेट मेमरीत उतरवते. पीआयओ म्हणजे प्रत्येक घास प्रोसेसरनं आपल्या हातानं उचलायचा. पीआयओ फार तर सेकंदाला १६.६ एमबी देतो आणि तेवढा वेळ प्रोसेसरला दुसरं काही सुचू देत नाही. वाचताना चुका झाल्या, त्यांची बेरीज सहा झाली, की विंडोज एक्सपी त्या ड्राइव्हचा वेग एक पायरी उतरवतं. असं होत होत शेवटी ड्राइव्ह पीआयओवर येतो आणि आपणहून पुन्हा वर चढत नाही. काकांच्या पेटीत केबल झाकणाखाली चेमटली होती. चुका केबलच्या होत्या, शिक्षा मशीन वर्षानुवर्षं भोगत होतं. केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल केला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. विंडोजनं चॅनल नव्यानं ओळखला, वेग परत आला. काका खुर्ची ओढून पुढे बसले.

पानं उघडली, पण फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. पेजमेकर मोठी चित्रं पानात साठवत नाही, त्यांचा पत्ता लक्षात ठेवतो, आणि पत्ता होता 'ई' ड्राइव्हचा. त्या काळचं विंडोज ९८ ड्राइव्हना अक्षरं वाटताना आधी प्रत्येक डिस्कच्या प्रायमरी पार्टिशनला देई, मग उरलेल्यांना. त्यामुळे दुसरी डिस्क जोडली की कालचा 'डी' आज 'ई' व्हायचा आणि दिवाळीच्या तोंडावर अख्ख्या अंकातले फोटो गायब व्हायचे. जाणते ऑपरेटर दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन करतच नसत, म्हणजे जुनी अक्षरं हलत नसत. एक्सपीत मात्र डिस्क मॅनेजमेंटमधून हवं ते अक्षर देता येतं. १० जीबीच्या फाइली ८० जीबीवरच्या एका पार्टिशनमध्ये ठेवल्या, रायटरकडे असलेलं 'ई' काढून त्या पार्टिशनला दिलं, आणि फोटो एकेक करून आपापल्या जागी आले.

ज्यांची पेटी २००५च्या पुढची असेल त्यांचं काम सोपं आहे. साटा केबलवर एकच ड्राइव्ह असतो, मास्टर-स्लेव्ह नाही, केबल एक मीटरपर्यंत चालते. फक्त बायोसमधली साटाची पद्धत आयडीईवर आहे की एएचसीआयवर, ते पाहून ठेवा आणि बदलू नका. एक्सपी आयडीईवर बसवलेलं असेल आणि तुम्ही एएचसीआय केलंत तर निळा पडदा येतो. डिस्क गेली असं समजू नका, पूर्वीची पद्धत परत निवडा. आणखी एक गोष्ट. जुन्या एसएमपीएसच्या चार तारांच्या तोंडावरून साटाला वीज देणारे एकसंध ओतीव प्लास्टिकचे जोड मिळतात, ते घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते जळाल्याची उदाहरणं आहेत.

शेवटचा प्रश्न, माल पेटीबाहेर काढायचा कसा. बोर्डावरचा यूएसबी पहिल्या पिढीचा होता, सेकंदाला जेमतेम एक एमबी. ४० जीबीला अकरा तास लागले असते. पेटीतच १०० एमबीपीएसचं लॅन कार्ड होतं. त्यातून सेकंदाला दहाच्या आसपास एमबी जातात. एक केबल माझ्या लॅपटॉपला जोडली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत सगळं उतरलं. प्रत्येक पानाची पीडीएफ मात्र त्याच मशीनवर, त्याच फाँटांत, डोंगल लावून करून घेतली. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ निघालं. कडेला एक पांढरी चीर आहे, वाचता न आलेल्या सेक्टरांची.

पेटी बंद करताना झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: कोणता ड्राइव्ह कोणत्या केबलवर, जंपर कुठे, अक्षर कोणतं, बॅटरी कधी बदलली.

दिवाळीच्या आवराआवरीत अनेक घरांतून, प्रेसमधून, शाळांमधून अशा पेट्या माळ्यावरून खाली येतील आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढतील. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर ती देऊ नका. डिस्क फिरत आहेत तोवर झाकण उघडा, आतला फोटो काढा, आणि सगळ्यात जुन्या डिस्कपासून सुरुवात करा.